रक्त घेण्याआधी कोगनोळी नाक्यापलीकडची नोंद घ्या : बेळगाव आणि कोल्हापूरच्या आरोग्य खात्यांना खुले पत्र

प्रति,
जिल्हा आरोग्य अधिकारी, बेळगाव आणि कोल्हापूर,
तसेच या दोन्ही जिल्ह्यांत आजारांच्या जोखमीवर काम करणारे डॉक्टर, संशोधक आणि एथिक्स कमिट्यांचे सदस्य

स.न.वि.वि.

एकच पत्र दोन राज्यांच्या अधिकाऱ्यांना लिहिते आहे, कारण ज्याबद्दल लिहायचे ते अर्धे इकडे आणि अर्धे तिकडे पडले आहे. मी निपाणीची. महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झाले. सीमाप्रश्नावर हे पत्र नाही. तो 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, तिथे त्याचे काय व्हायचे ते होवो. मला बोलायचे आहे ते एका आकड्याबद्दल. तो आकडा हल्ली आमच्या माणसांना कागदावर लिहून मिळू लागला आहे : अमुक आजार होण्याचा तुमचा धोका इतके टक्के.

हा आकडा वेगवेगळ्या वाटांनी येतो. आशाताई तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा फॉर्म भरतात, त्यातून गुण निघतात आणि चारापेक्षा जास्त गुण असलेल्याला आधी तपासणीला पाठवतात. शहरातल्या दवाखान्यांत संगणकावर हृदयविकाराचा दहा वर्षांचा धोका काढून देतात. आता थुंकीच्या नमुन्यावरून जनुके तपासून तीसचाळीस आजारांची कुंडली मांडणाऱ्या जाहिराती मोबाईलवर येतात. संशोधनाच्या पातळीवर तर जनुके आणि संख्याशास्त्र एकत्र करून कोणाला काय होईल आणि झालेला आजार किती वेगाने वाढेल, हे सांगण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. आपल्या भागातही उद्या ते होतील. व्हावेत. माझा त्याला विरोध नाही. आयुष्यभर शक्यता शिकवलेली बाई शक्यतेला विरोध कशी करेल?

माझे मागणे एवढेच आहे. जनुकांसाठी आमच्या माणसांचे रक्त घेण्याआधी, आजारी पडल्यावर ही माणसे कुठे जातात आणि पुढे त्यांचे काय होते, याची नोंद सीमेच्या दोन्ही बाजूंनी मिळून ठेवा. ती नसेल तर धोक्याचा आकडा काढणारे गणिती सूत्र, म्हणजे मॉडेल, कितीही भारी असो, आमच्यापुरता त्याचा आकडा खोटा निघेल. तो कसा, हे सांगते.

धोक्याचा कोणताही अंदाज मुळात मागे वळून केलेल्या मोजणीतून निघतो. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम या गावात 1948 साली 5,209 माणसांची नोंद करून त्यांच्यावर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले. कोणाला झटका आला, कोणाला नाही, कोण कशाने गेला, हे लिहून ठेवले. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांचा हृदयविकाराशी किती संबंध आहे, हे त्या वह्यांतून निघाले. आज डॉक्टर संगणकात आकडे भरतात त्याच्या मुळाशी अशीच कुठली तरी वही असते. सगळे बळ त्या वहीत आहे. ज्यांची नावे सुरुवातीला लिहिली त्यांचे शेवटी काय झाले, ते त्याच वहीत सापडले पाहिजे.

आमच्या भागात ती वही कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर फाटते.

निपाणी, चिक्कोडी, संकेश्वर या पट्ट्यातला माणूस ताप, खोकला, साखरेच्या गोळ्या यांसाठी जवळच्या दवाखान्यात जातो. दुखणे वाढले की गाडी काढून कोल्हापूर, नाही तर मिरज. मिरजेचे वॉन्लेस हॉस्पिटल 1894 चे, आमच्या आज्ज्यापणज्यांपासून मोठ्या दुखण्याला मिरज ठरलेली आहे. खानापूरकडची माणसे घाट उतरून गोव्याला बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात जातात. यात चूक कोणाची नाही. जिथे नातेवाईक आहेत, भाषा कळते आणि गाडी लवकर पोचते तिथे माणूस जाणारच. 2023 साली महाराष्ट्राने महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना 865 सीमागावांना लागू करायचे ठरवले तेव्हा दोन्हीकडे केवढे राजकारण तापले, ते आपण सर्वांनी पाहिले. त्या गदारोळात एक साधी गोष्ट कोणी विचारली नाही : या उपचारांची नोंद ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून माणूस निघाला, तिथे परत येते का?

संख्याशास्त्रात याचे काय होते ते उदाहरणाने सांगते. आकडे माझ्या मनाचे आहेत, हिशेब खरा आहे. समजा एका केंद्राच्या रजिस्टरवर मूत्रपिंडावर परिणाम झालेले 100 मधुमेही आहेत. पाच वर्षांत त्यांतल्या दहा जणांना डायलिसिस लागले. चौघांनी ते बेळगाव जिल्ह्यात घेतले, सहा जण कोल्हापूर-मिरजेला गेले. इकडच्या रजिस्टरवर त्या सहांच्या नावापुढे काय दिसेल? ‘पुढे आले नाहीत.’ मॉडेल बनवणारा अशा माणसांना टाकून देत नाही. ते जेवढे दिवस दिसले तेवढे हिशेबात धरतो, आणि पुढे जे दिसले नाहीत त्यांचे राहिलेल्यांसारखेच झाले असेल असे गृहीत धरतो. परीक्षेत हे गृहीतक विद्यार्थी एका ओळीत लिहून मोकळे होतात. इथे मात्र ते सपशेल खोटे आहे, कारण जे गेले ते आजार बळावला म्हणूनच गेले. परिणामी दहा टक्क्यांचा धोका चाराच्या जरासा वर निघतो. त्या आकड्यावर विसंबून कोणी तरी ठरवतो की या तालुक्यात डायलिसिसची एवढी यंत्रे नकोत. मग पुढच्या वर्षी आणखी माणसे मिरजेला जातात आणि आकडा आणखी खाली येतो.

आता मिरजेकडून पाहा. तिथल्या मोठ्या रुग्णालयात निपाणीकडचा साधा मधुमेही जातच नाही, शेवटच्या टप्प्यातलाच जातो. तिथल्या फायलींवरून कोणी मॉडेल बांधले तर निष्कर्ष निघेल की कर्नाटकातून येणाऱ्या मधुमेह्यांची मूत्रपिंडे फार लवकर निकामी होतात. उद्या कोणी हुशार माणूस याला जनुकीय कारण शोधायला निघेल! रुग्णालयातल्या रुग्णांवरून समाजाबद्दल बोलताना अशी फसगत होते, हे अमेरिकेतल्या जोसेफ बर्कसनने 1946 सालीच दाखवले आहे. माणसे तीच, आजार तोच. दूधगंगेच्या अलीकडे धोका कमी आणि पलीकडे जास्त. दोन्ही आकडे चूक.

मूत्रपिंडाचेच उदाहरण घेतले, कारण आजार कसा वाढत जाईल हे सांगणारे तिथले सूत्र खरोखर चांगले आहे. 2011 साली कॅनडातल्या रुग्णांवरून ते तयार झाले. वय, स्त्री की पुरुष, मूत्रपिंड किती गाळते आणि लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन किती जाते, एवढ्या चार गोष्टींवरून दोन आणि पाच वर्षांत मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका त्यातून निघतो. 2016 साली तीसहून अधिक देशांतल्या सात लाखांवर लोकांवर ते तपासले. कोण आधी बिघडेल आणि कोण नंतर, हा क्रम ते जवळपास सगळीकडे बरोबर लावत होते. पण उत्तर अमेरिकेबाहेर त्याचा आकडा जास्त यायचा. म्हणून इतर देशांसाठी दोन वर्षांचा मूळ धोका सुमारे 33 टक्क्यांनी आणि पाच वर्षांचा सुमारे 16 टक्क्यांनी खाली आणावा लागला.

निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्याला हे समजावून सांगायला मला कधी अडचण आली नाही. अडत्याचा काटा दर बोद्यामागे, म्हणजे तंबाखूच्या गठ्ठ्यामागे, दोन किलो मारत असला, तरी कुठला बोद जड आणि कुठला हलका ते तो बरोबर सांगतो. पैसे मात्र बुडतातच. जोखमीच्या मॉडेलच्या जाहिरातीत आणि बऱ्याच शोधनिबंधांतही क्रम लावण्याच्या ताकदीचाच गाजावाजा असतो. 100 जणांना ‘तुमचा धोका 20 टक्के’ असे सांगितले तर त्यांतल्या वीसेक जणांना खरोखर आजार झाला का, ही दुसरी तपासणी गावात बसूनच करावी लागते. माहीत असलेल्या वजनाशिवाय काटा तपासता येत नाही. आमच्या बाबतीत ते वजन म्हणजे माणसांचे पुढे काय झाले याची नोंद.

आता जनुकांकडे येते. इथे लोकांच्या मनात दोन गोष्टींची सरमिसळ आहे, आणि काही डॉक्टरही ती दूर करत नाहीत. काही आजारांत एकच जनुक निकाल देते. मेंदू हळूहळू निकामी करणाऱ्या हंटिंग्टनच्या आजारात एका जनुकाच्या रासायनिक लिपीतला तीन अक्षरांचा तुकडा 40 किंवा जास्त वेळा आला, तर पुरेसे आयुष्य लाभलेल्या माणसाला तो आजार होतोच. सिकलसेल या रक्ताच्या आजारात आई आणि वडील दोघे वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसून बिघडलेल्या जनुकाची एक प्रत बाळगत असतील, तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याचा 25 टक्के धोका असतो. ही शाळेतली आकडेमोड आहे, तिला मॉडेल लागत नाही. त्या तपासण्या व्हाव्यात, सिकलसेलसाठी 2023 पासून राष्ट्रीय मोहीमही चालू आहे.

मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांचे तसे नाही. त्यांत शेकडो-हजारो जनुकीय फरक असतात आणि प्रत्येकाचा हातभार इवलासा. सगळ्यांची बेरीज करून एक गुणांक काढतात, त्याला पॉलिजेनिक रिस्क स्कोअर म्हणतात. कुठल्या फरकाला किती गुण द्यायचे, हे लाखो लोकांच्या अभ्यासातून ठरते. ते लाखो लोक कोण? 2019 साली झालेल्या मोजणीत अशा अभ्यासांतले सुमारे 79 टक्के लोक युरोपीय वंशाचे होते. त्यांच्यावर बेतलेला गुणांक दक्षिण आशियाई लोकांना लावला की त्याची अचूकता बरीच घसरते, आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांत तर फारच. हल्याळ, यल्लापूर भागातल्या आपल्या सिद्दी बांधवांना तो लावला तर काय होईल, याचा विचार करा.

उलट काही फरक असे की ते आपल्याकडेच सापडतात आणि युरोपीय यादीत ते जवळपास नसतातच. हृदयाच्या स्नायूतल्या एका प्रथिनाच्या जनुकात, एमवायबीपीसी-3 मध्ये, 25 अक्षरे गळालेली असणे हा त्यांतला एक. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार दक्षिण आशियातल्या सुमारे 4 टक्के लोकांत तो आढळतो आणि हृदयाचे स्नायू कमकुवत होण्याचा धोका वाढवतो. चार टक्के म्हणजे शंभर उंबऱ्यांच्या गावात एकदोन घरे नव्हेत, बरीच माणसे. तरी त्यांतली कितीतरी माणसे उसाचे भारे वाहून म्हातारी होतात. कोणाला त्रास होतो आणि कोणाला नाही, हे ठरवायला जनुकाशिवाय काय काय लागते, ते वर्षानुवर्षे माणसांच्या मागावर राहिल्याशिवाय कळणार नाही. बोलणे फिरून त्याच वहीपाशी येते.

जनुकांचा उपयोग आपल्याकडे होतच नाही असे मी म्हणत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेबरोबर आणि इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाबरोबर 2020 साली केलेला अभ्यास माझ्या आवडीचा आहे. युरोपीय लोकांवरून काढलेला टाइप-1 मधुमेहाचा जनुकीय गुणांक पुण्यातल्या रुग्णांना लावून पाहिला, आणि टाइप-1 व टाइप-2 वेगळे ओळखायला तो इथेही बऱ्यापैकी चालतो असे दिसले. का चालला? एक तर टाइप-1 मध्ये थोड्याच जनुकांचा वाटा मोठा असतो. आणि तपासणाऱ्यांकडे नीट निदान झालेले, वर्षानुवर्षे परिचयाचे रुग्ण होते. दुसरे कारण कोणी जाहिरातीत सांगत नाही.

‘जिनोम इंडिया’ या सरकारी प्रकल्पाने देशभरातल्या 83 समूहांतले सुमारे 10,000 जिनोम, म्हणजे माणसांचे संपूर्ण जनुकीय आराखडे, वाचले आणि 2025 च्या जानेवारीत तो साठा संशोधकांना खुला झाला. मोठे काम आहे. पण तो नकाशा आहे. नकाशावरच्या माणसाला पुढे कोणता आजार झाला, हे त्या नकाशात शोधू नये. आणि त्यातली समूहाची नावे घेऊन उद्या कोणी ‘मराठ्यांचा धोका इतका, लिंगायतांचा तितका’ असे फलक लावणार असेल, तर कृपा करून आताच थांबवा. समूहाची सरासरी दारात उभ्या असलेल्या माणसाबद्दल फार थोडे सांगते.

जातीपेक्षा सोयरीक महत्त्वाची. हे वाक्य नाजूक आहे, तरी लिहिते. आमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्न लावायची रीत आहे, शेजारच्या काही कानडी घरांत मामा-भाचीचेही लागते. समजा एखाद्या दुर्मीळ आजाराचे वाहक दर 50 माणसांत एक आहेत, आणि आजार होण्यासाठी आई-वडील दोघांकडूनही बिघडलेली प्रत यावी लागते. नात्याबाहेरच्या लग्नांत 10,000 मुलांमागे एकाला तो होईल. मामे-आते भावंडांच्या लग्नात सातेक जणांना, मामा-भाचीच्या लग्नात तेराएक जणांना. ‘तेरापट धोका’ असे ओरडून सांगता येते. 10,000 पैकी सुमारे 9,987 मुलांना तो आजार होणार नाही, हेही तितकेच खरे आहे. समुपदेशन करणाऱ्याने दोन्ही वाक्ये बोलली पाहिजेत, आणि ठरलेले लग्न मोडण्यासाठी नाही तर कोणती तपासणी करून घ्यायची हे सांगण्यासाठी.

असे दुहेरी बोलणे आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. बेळगावच्या परिसरातल्या पहिलटकरणींनी एका आंतरराष्ट्रीय चाचणीत भाग घेतला होता. सहा देश, सुमारे 12,000 बायका, गरोदरपणात लवकर सुरू केलेली 81 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिनची रोजची गोळी. 2020 च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला : अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे 13.1 टक्क्यांवरून 11.6 टक्क्यांवर आली. याला ‘11 टक्के घट’ म्हणता येते. ‘शंभरात दीड’ असेही म्हणता येते. किंवा असे, की 67 बायकांनी गोळी घेतली तर एकीचे अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण टळते. स्वस्त गोळी, म्हणून 67 चा आकडाही आनंदाचाच. पण गोळी घेणाऱ्या बाईला मी तिसरे वाक्य सांगेन. जनुकीय कुंडलीच्या जाहिरातीत नेमके हेच गाळलेले असते. ‘धोका दुप्पट’ लिहितात, कशाच्या दुप्पट ते लिहीत नाहीत.

या चाचणीचा उल्लेख आणखी एका कारणाने केला. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते, आणि माहेर सीमेपलीकडे असणे हे आमच्याकडे रोजचे. तरीही बेळगावच्या ज्या गावांत गरोदर बायकांची नोंदवही ठेवली जाते, तिथे प्रत्येकीची खबर बाळंतपणानंतर 42 दिवसांपर्यंत घ्यायची पद्धत आहे. म्हणजे आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच माणसांना हे जमते. 42 दिवस जमते ते पाच वर्षे का जमू नये, असे मी म्हणणार नाही. पाच वर्षांचे काम शंभरपट अवघड आहे. पण ‘इथले लोक हाताला लागत नाहीत’ ही सबब मला कोणी सांगू नये.

आता प्रश्नांच्या कागदाबद्दल, कारण वहीत सुरुवातीला जे लिहिले जाते तेही तपासायला हवे. आशाताईच्या फॉर्मवर तंबाखूचा प्रश्न आहे, त्यात धूम्रपान आणि गुटखा-खैनीचा उल्लेख असतो. आमच्या गल्लीत तो असा विचारला जातो.

“आक्का, तंबाखू खातासा काय?”

“न्हाई बाई, आम्ही न्हाई खात.”

“आणि मिश्री?”

“ती व्हय! ती सकाळी दात घासायला लावते की. दुपारच्याला एकदा.”

दुसरा प्रश्न आशाताईने पदरचा घातला म्हणून उत्तर कळले. कागदावर तो नाही. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, पण ती लावणारी बाई स्वतःला तंबाखू खाणारी समजत नाही. दिवसभर विड्या वळणारी, तंबाखूची धूळ नाकातोंडात जाणारी बाईही ‘नाही’च म्हणते, आणि ती खोटे बोलत नसते. तोंडाच्या कर्करोगाच्या मॉडेलमध्ये या बायका ‘तंबाखू नाही’ या रकान्यात जाऊन बसतात. त्यांतल्या काहींना आजार झाला की मॉडेल गोंधळते, तंबाखूचा दोष कमी दाखवते आणि न समजलेला भाग कुठे तरी ढकलते. जनुकांचा रकाना जोडलेला असेल तर तो तिथेही ढकलला जाईल. प्रश्न सुधारायला खर्च येत नाही. जिनोम वाचायला येतो.

घराण्याचा इतिहास ही तर सगळ्यांत स्वस्त जनुकीय तपासणी. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने 2005 साली मांडलेल्या भारतीय मधुमेह गुणांकात रक्ताचा थेंबही लागत नाही. वय, कंबर, हालचाल आणि आई-वडिलांचा मधुमेह, एवढ्यावर 100 पैकी गुण, आणि 60 किंवा जास्त म्हणजे मोठा धोका. बावन्न वर्षांची विडी कामगार घ्या. वयाचे 30. कंबर 84 सेंटिमीटर, त्याचे 10. दिवसभर बसून काम, वेगळा व्यायाम नाही, त्याचे 30. आईला साखर होती, त्याचे 10. झाले 80. ही बाई जाडी दिसत नाही, म्हणून तिला कोणी तपासायला सांगत नाही. तिची साखर तपासण्यासाठी तिच्या हजार जनुकीय फरकांची बेरीज कशाला हवी?

या चार प्रश्नांतला शेवटचा मात्र आमच्याकडे अवघड जातो. बाईचे आजोळ कागलला, माहेर चिक्कोडीला, सासर निपाणीला. सासरच्या चार पिढ्यांची दुखणी तिला पाठ असतात, स्वतःच्या वडिलांबद्दल विचारले तर ‘छातीत कळ आली आणि गेले’. मृत्यूचा दाखला तलाठ्याकडचा, त्यावर मृत्यूचे कारण कोणी लिहिलेलेच नाही. 2020 साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम 22.5 टक्क्यांचे कारण डॉक्टरने प्रमाणित केले होते. उरलेल्यांत आमचे किती वडील आणि काका आहेत कोण जाणे. घरच्यांशी शांतपणे बोलून मृत्यूचे कारण ठरवायची पद्धत आहे, तिचा वापर देशात मोठ्या प्रमाणावर झालाही आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या काही गावांत ती एकाच प्रश्नावलीने वापरली तर जे हाती येईल ते कुठल्याही प्रयोगशाळेतून येणार नाही.

संमतीबद्दल एथिक्स कमिट्यांना वेगळे सांगायला हवे. संशोधनात भाग घेणाऱ्याला समजेल अशा भाषेत माहिती द्यावी, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. आमच्या बायका कन्नड बोलतात, बाजार करतात, भांडतातही. वाचता मात्र अनेकींना मराठीच येते. चार पानांच्या कन्नड किंवा इंग्रजी कागदावर त्या सही करतात, कारण समोरची नर्स चांगली असते. रक्त एकदा दिले की त्यातली माहिती तिच्या मुलांची आणि भावंडांचीही असते, नमुना कुठल्या शहरात किती वर्षे ठेवणार, पुढे कोणाला देणार, निकाल तिला कळवणार का, हे तिला तिच्या भाषेत तोंडी आणि लेखी दोन्ही कळले पाहिजे. हंटिंग्टनच्या जनुकाचा शोध लागला तो व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठच्या कुटुंबांनी वर्षानुवर्षे रक्त दिले म्हणून. 1993 मध्ये जनुक सापडले, जगभर नाव झाले. ती कुटुंबे गरीबच राहिली.

आणि विमा. जनुकीय प्रवृत्तीच्या नावाखाली विम्याचा दावा नाकारण्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 साली एका हृदयरोग्याच्या बाजूने निकाल दिला होता. पण अमेरिकेत 2008 पासून आहे तसा, जनुकांवरून भेदभाव करायला मनाई करणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. हे संमतीच्या कागदावर लिहा. लिहिले तर सह्या कमी मिळतील, हे मला माहीत आहे.

तर करायचे काय? दोन्ही जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांनी एका टेबलाला बसावे. निपाणी, कागल, गडहिंग्लज, हुक्केरी, चिक्कोडी, चंदगड, खानापूर एवढ्या तालुक्यांतून दोन-तीन आजार निवडावेत. माझ्या मते मधुमेहाने बिघडणारे मूत्रपिंड, तोंडाचा कर्करोग आणि हृदयविकाराचा झटका. सीमेपलीकडे दाखल झालेल्या रुग्णाची मोजकी माहिती, त्याच्या परवानगीने, त्याच्या मूळ आरोग्य केंद्राला महिन्यातून एकदा कळवावी. सरकारी आरोग्य ओळखपत्राचा चौदा आकडी आभा क्रमांक दोन्ही राज्यांत एकच असतो, त्याला कन्नड-मराठी कळत नाही. ज्यांच्याकडे तो नाही त्यांच्यासाठी आशाताईंची जुनी पद्धत आहे : घरी जाऊन विचारणे. त्याचे मानधन त्यांना वेगळे द्या, फुकट लादू नका. गोव्याशी बोलणे नंतर केले तरी चालेल, खानापूरकरांनी मला माफ करावे.

तीनचार वर्षांची अशी वही हातात आली की आज वापरात असलेली साधी सूत्रे तिच्यावर तपासा. कुठले किती जास्त सांगते, किती कमी, ते निकाल मराठी आणि कन्नडमध्ये ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. त्यानंतर जनुके जोडा आणि बघा की अंदाज किती सुधारतो. सुधारला तर मी स्वतः रक्त द्यायला रांगेत उभी राहीन. नाही सुधारला तर तेही छापा.

माहितीपत्रकाचे मराठी करायला, प्रश्नावली गल्लीत वाचून दाखवून कुठे अडते ते सांगायला आणि नोंदी तपासायला निपाणीतले आम्ही काही निवृत्त शिक्षक तयार आहोत. दोन कन्नड माध्यमाचे आहेत, त्यामुळे भांडण होणार नाही. झालेच तर दोन्ही भाषांत होईल. पहिली बैठक कुठल्या राज्यात घ्यायची यावर अडू नये म्हणून सुचवते : एक निपाणीत घ्या, पुढची कागलला. मधे अर्ध्या तासाचा रस्ता आहे. तारीख कळवावी.

आपली,
संख्याशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका
निपाणी, जि. बेळगाव